मना हातमा

बारडोलीकडच्या शिवारात हिवाळ्यातली सकाळ दोन वास घेऊन येते: साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास, आणि त्यावर तरंगणारा, तोडणीआधी पेटवलेल्या पाचटाचा जळकट वास. फड विझतो, धूर विरतो, पण राख मात्र हवेत राहते आणि उजाडता उजाडता काळ्या पिसांसारखी, हलकी, लांबट, कुणालाही न विचारता ज्याच्या त्याच्या अंगणात उतरते. त्या सकाळी ती एका पांढऱ्या विमानाच्या पंखांवर उतरली होती. पायात स्लिपर, अंगात कुणाचा तरी ढगळ स्वेटर अशी एक वयस्क बाई साडीच्या रिजेक्ट तुकड्याने ती राख पुसून काढत होती. कपडा झटकायची, पुन्हा पुसायची, डाग राहिला तर नखाने खरवडायची. घरातला ओटा पुसावा तसं विमान पुसता येतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. तोवर विमान ही माझ्या लेखी डोक्यावरून जाणारी, आपल्याशी काही देणंघेणं नसलेली वस्तू होती.

मी तिथे चिडूनच गेले होते. लिंबायत या लूम-कामगारांच्या वस्तीतल्या आमच्या खानदेशी मंडळाने, वस्तीतून निघून वैमानिक झालेल्या गोरखआप्पांचा सत्कार ठरवला होता, आणि मानपत्र लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं, कारण मंडळात 'लिहिणारी' म्हणून जी कोण आहे ती मी. आता, मी लिहिते ती पत्रकं. खात्यांत (लूमच्या कारखान्याला आमच्याकडे खातंच म्हणतात) माणसांचे कान कसे जातात, ऐन उमेदीतला बाप लेकरांच्या ओठांकडे बघून त्यांचं बोलणं का ओळखायला लागतो, कानात घालायच्या साध्या बोळ्यांसाठी मालकाला कुणी का विचारत नाही, असली पत्रकं. पानभर मजकूर, वर ठळक मथळा, खाली 'जागे व्हा'. अशा हाताला मानपत्र लिहायला सांगणं म्हणजे हातोड्याला रांगोळी काढायला सांगणं. शिवाय सत्कार या प्रकारावरच माझा राग आहे. वस्तीतला एक माणूस वर गेला की त्याच्या खांद्यावर शाल टाकायची, आणि जे हजारो जण वर गेले नाहीत ते त्याच शालीखाली झाकून टाकायचे, हा मला फार सोयीचा सोहळा वाटतो. बैठकीत मी हे बोलले, तेव्हा अध्यक्ष प्रल्हादभाऊंनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"अगं पोरी, मानपत्र म्हणजे मोर्चा नाही. दोन उपमा टाक, एक गरुड टाक, आणि मोकळी हो."

"गरुड मी टाकणार नाही. आधी माणूस बघते."

"बघ की. पण भांडू नको त्याच्याशी. सत्कारमूर्ती आहे तो आपला."

तर हा सत्कारमूर्ती हँगरच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत, कानटोपी घालून, बशीतला चहा फुंकत बसला होता. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, उन्हाने भाजून काळवंडलेला माणूस. हवाई वाहतुकीच्या जाहिरातीत कुणी त्याला उभंही केलं नसतं. मला बघून त्याने अहिराणीतच सुरुवात केली.

"तूच का वं ती पत्रकंवाली? तुना आजा मना बापनासंगे एकच खातामा व्हता. तो कधी कोणाशी भांडना नही. तू कोनावर गई?"

"आजोबांना ऐकूच यायचं नाही, आप्पा," मी म्हणाले. "भांडणार कुणाशी?"

आप्पा इतके हसले की बशीतला चहा पायजम्यावर सांडला. मग पायजमा झटकता झटकता त्यांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांनाही शेवटी ऐकू येत नव्हतं.

आप्पांची विमान शिकवायची शाळा म्हणजे उसाच्या मधोमध एक धावपट्टी, पत्र्याचं हँगर आणि हँगरला चिकटून घर. स्वयंपाकघराला आणि वर्गाला एकच दार. पंख पुसणारी ती बाई म्हणजे माई, आप्पांची बायको. ती मुलांना हवामान शिकवते. फळ्यावर ढगांचे प्रकार काढून झाले की त्याच दारातून आत जाते, फोडणी घालते, आणि फोडणीचा धूर खिडकीतून कुठल्या अंगाने निघाला ते बघून वर्गाला ओरडून सांगते, वारा फिरला रे. थोरली लेक उज्ज्वलाताई मुख्य प्रशिक्षक, जावई इंजिनांचं बघतो, आणि शिकायला आलेली दूरदूरची पोरं जेवायला पंगतीत बसतात. माई मात्र जन्मात कधी विमानात बसलेली नाही. का, म्हणून मी विचारलं तर तिने माझ्याकडे, मलाच काही कळत नाही अशा नजरेने पाहिलं. "सगळेच वर गेले, तर दूधवाला आल्यावर दूध कोण घेईल?"

आप्पांचा जन्म लिंबायतचा. वडील अमळनेरकडून लूमवर आले ते तिथलेच झाले. पोराने खात्यात जाऊ नये एवढीच त्या बापाची इच्छा, त्यापलीकडे कुठे जावं याची त्यालाही कल्पना नव्हती. एकोणिसाव्या वर्षी आप्पा या उसाच्या पट्ट्यात मजुरीला आले आणि झेंडेवाला झाले. उसावर कीड पडली की त्या काळी विमानाने औषध फवारत. वैमानिकाला वरून कळावं कसं, की मागच्या फेरीला फवारलेला पट्टा कुठे संपला? म्हणून शेताच्या बांधावर एक माणूस पांढरा झेंडा घेऊन उभा करायचा. विमान त्या झेंड्याच्या रोखाने यायचं, उसाच्या तुऱ्यांना चाटत, डोक्यावरून जायचं, आणि झेंडेवाल्याने पावलं मोजून पुढच्या पट्ट्यावर सरकायचं. औषध उसावर पडायचं तसंच झेंड्यावर आणि झेंडेवाल्यावरही.

इथे माझं पत्रक जागं झालं. तोंडाला फडकं दिलं होतं का? नंतर कुणी तपासलं का? तुमच्याबरोबरचे बाकीचे झेंडेवाले आज कुठे आहेत? मी एकामागून एक विचारत गेले आणि आप्पा शांतपणे 'नही' म्हणत गेले. फडकं नव्हतं. तपासलं नाही. दोघे जण खोकून खोकून गेले, त्यांची नावं त्यांनी सांगितली. मग बशी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे डोक्यावर आडवे धरून दाखवलं, विमान किती खालून जायचं ते.

"पोटावरला रिबिट दिसेत, पोरी. येक येक. आनी त्यानी सावली आंगवरथीन जाये ना, तवय वाटे का आपन बी जराखा उचलायनूत." रिव्हेटांची एक ओळ त्यांनी बोटाने हवेत टिंबटिंब काढून दाखवली. "तू म्हनस ते खरं शे. राग तू ठेव. नवल मले राहू दे."

विषाच्या तुषारांखाली उभं राहून वर बघणाऱ्या, तोंड मिटायचंही विसरलेल्या त्या तरुणाचा चेहरा मला दिसू लागला. माझ्या संतापाला त्या चेहऱ्यावर कुठे बसावं ते कळेना. अन्याय खोटा नव्हता. आणि त्या अन्यायाच्याच पोटाखालून, त्याच क्षणी, एका माणसाला आकाश लाभलं होतं, हेही खोटं नव्हतं. पुढचं सगळं त्या एका उचललेल्या क्षणातून आलं: औषधाच्या टाक्या भरणं, फवारणीच्या म्हाताऱ्या वैमानिकाच्या हाताखालची उमेदवारी, सरकारी फ्लाइंग क्लबची शिष्यवृत्ती, मग स्वतः फवारणी, स्वतः बांधावरच्या झेंड्यांच्या रोखाने येणं. झेंडेवाल्यांना आधी बाजूला व्हायला सांगून मगच औषध सोडणारा वैमानिक म्हणून म्हणे ते बदनाम होते, कारण त्यामुळे कडेचा ऊस कोरडा राहायचा. मग फवारणी बंद पडली. ओसाड झालेली हीच धावपट्टी, एक जुनं विमान आणि सगळं घर घेऊन त्यांनी शाळा काढली.

मी आप्पांशी बोलत होते तेव्हा हँगरमधून एक विचित्र जप कानावर येत होता. आत दोन खुर्च्या शेजारी मांडून शिकाऊ मुलं जोडीजोडीने बसली होती. समोर काहीच नाही, हवेत मुठी धरलेल्या. एक जण म्हणायचा, "तुना हातमा." दुसरी म्हणायची, "मना हातमा." मग पहिला मुठी सोडायचा, दोन्ही तळवे उघडे दाखवायचा आणि पुन्हा म्हणायचा, "तुना हातमा." मुलगा नवसारीचा गुजराती, मुलगी थेट बंगालातली, आणि भाषा आमची! ज्या भाषेत शाळेत एक वाक्य बोललं की 'शुद्ध बोला' म्हणून आमचे कान पिळले गेले, जी आम्ही नोकरीच्या मुलाखतीला जाताना घरी काढून ठेवतो, ती अहिराणी ही परभाषक मुलं मंत्रासारखी म्हणत होती. मला हसू येईना आणि रडूही.

त्यामागची गोष्ट मला उज्ज्वलाताईंनी सांगितली. शिकाऊ विमानात गुरू आणि शिष्य शेजारी बसतात, दोघांसमोर एकेक सुकाणू असतं आणि ती दोन्ही आतून एकमेकांना जोडलेली असतात. कुणा एकाच्या हाती विमान असलं पाहिजे, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि त्यासाठी जगभर ठरलेलं इंग्रजी वाक्यही आहे. शाळेच्या सुरुवातीच्या दिवसांत आप्पा तेच वाक्य वापरायचे. एकदा, उसावरून फार उंच नसताना, त्यांनी विमान शिष्याच्या स्वाधीन केलं. शिष्य आपल्याच मुलखातला, संस्कारी घरचा. त्याने मान खाली घालून म्हटलं, "हो, आप्पा."

आता हा आपला 'हो' बघा. वडीलधाऱ्यांना आपण जो 'हो' म्हणतो त्याचा अर्थ 'मी केलं' असा नसतो. 'करतो' असाही नसतो. 'तुमचा शब्द माझ्यापर्यंत पोहोचला, तुमचा मान राखला' एवढाच तो असतो. गुरुजींसमोर 'मी घेतलं' म्हणणं त्या पोराला उद्धटपणाचं वाटलं. आप्पा अजून धरून असतीलच, असं त्याने आदराने गृहीत धरलं. आप्पांनी 'हो' ऐकून हात सोडले होते. दोन शहाणी माणसं एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकून स्वस्थ बसली आणि विमान कुणाच्याच हातात नसताना हळूहळू नाक खाली घालत उसात गेलं. ऊस दाट होता, म्हणून दोघे वाचले. पंख मोडले, आप्पांची बरगडी मोडली. त्यानंतर कित्येक दिवस आप्पा अंथरुणावर पडून त्या 'हो'चाच विचार करत होते.

आणि मग त्यांना आठवलं ते खातं. पाळी बदलताना लूम थांबवायची नसते. जाणारा कामगार हँडलवर हात ठेवून उभा असतो, येणारा त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवतो. आवाज एवढा की बोललेलं ऐकू येणार नाही. म्हणून येणारा ओठ मोठे करून, समोरच्याला दिसेल असं म्हणतो: मना हातमा. माझ्या हातात. ते ओठ दिसल्याशिवाय जाणाऱ्याने हात काढायचा नाही, मग समोर बाप असो नाहीतर मालकाचा साडू. आप्पांच्या वडिलांनी आयुष्यभर रोज हे केलं होतं. आप्पांनी ते तसंच उचलून विमानात आणलं. इंग्रजी वाक्य परीक्षेपुरतं राहिलं. शाळेच्या विमानात 'हो' म्हणायचं नाही, 'आप्पा' म्हणायचं नाही, 'तुम्ही' म्हणायचं नाही. अहिराणीत तशीही 'तुम्ही'ची फार मातब्बरी नाही, आमच्यात देवालाही 'तू'च असतं. गुजराती पोरांना तर 'हातमा' शिकवावंही लागलं नाही. त्यांच्या आणि आमच्या बोलीचं अंगण एकच. खाली कितीही पाया पडा, वर मात्र आदर बाजूला ठेवून, स्पष्ट, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगा, की आता हे माझ्या हातात आहे.

मला वाटलं, मला मानपत्राचा मजकूर मिळाला. कानांवर एवढी पत्रकं लिहिली, आणि माझ्या बापजाद्यांनी बहिरेपणातून असलं काही घडवलं असेल, हे कधी माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आज आप्पांचा हात बघायचा आहे," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "बसता का मागे?" ही या घराची रीत. दर हिवाळ्यात मुख्य प्रशिक्षक शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाबरोबर एक फेरी मारतो आणि त्याचा हात बघतो. त्यातून आप्पाही सुटत नाहीत, नियम त्यांचाच. डॉक्टरचे कागद ठीक होते. पण ताई हे म्हणाल्या तेव्हा माई पंख पुसायची थांबली आणि लेकीकडे क्षणभर बघत राहिली. त्या नजरेत जे होतं ते मला नंतर समजलं: गेल्या काही आठवड्यांत आप्पांच्या उतरण्यात काहीतरी बदललं होतं, ते दोघींनाही दिसलं होतं, आणि आज त्यातल्या एकीला त्याचा निकाल लावायचा होता. निकाल विरुद्ध गेला तर आप्पा पुन्हा विमान चालवणार नव्हते.

आप्पा डावीकडे बसले, ताई उजवीकडे, मी मागे. कानटोपीची जागा हेडफोनने घेतली आणि तो खुर्चीतला म्हातारा कुठे गेला कुणास ठाऊक. पंखा फिरला, गवत मागे झोपलं, धावपट्टीच्या भेगा आधी मोजता येत होत्या, मग रेघ झाल्या, मग नाहीशा झाल्या. आप्पांची दोन बोटं सुकाणूवर होती. दोनच. बाळाच्या कपाळावर ताप आहे का ते बघावं तशी ठेवलेली. विमान जरा थरथरलं की ती बोटं थरथरीच्या आधीच सरकलेली असत. डोळ्यांना, कानांना जे येतं त्याच्या आधी काहीतरी या माणसाच्या हातांना येत होतं. ज्याच्या वडिलांना ऐकू येईनासं झालं, त्याच्या हातांना हवा ऐकू येत होती.

शहराच्या विमानतळावरच्या टॉवरने मुभा दिली तेवढ्या कडेपर्यंत आम्ही गेलो. दूर तापीचा फिकट पट्टा, धुक्यात उधन्याच्या कारखान्यांची धुरांडी, आणि त्यांच्या अलीकडे गच्च्यांचा, पत्र्यांचा, पाण्याच्या टाक्यांचा एक करडा थर. "ते देख, आपलं लिंबायत," आप्पा म्हणाले. मी घर शोधू लागले आणि मग शोधायचंच विसरले, कारण मला एक गोष्ट ध्यानात आली. ते लिंबायत निःशब्द होतं. जन्मल्यापासून मी ज्या धडधडीत झोपले, जेवले, अभ्यास केला, जिच्याविरुद्ध लिहून लिहून माझी बोटं दुखली, ती धडधड तिथे नव्हती. कोवळ्या उन्हात माझी वस्ती एखाद्या ध्यानस्थ माणसासारखी शांत बसलेली होती. ती अशीही असू शकते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते कुणाला दिसू नयेत म्हणून उगाच पट्टा घट्ट करत बसले.

परतताना सूर्य समोर होता. पाचटाचा धूर शिवारावर पातळ पसरला होता आणि त्यातून सगळं सोनेरी, कडा नसलेलं दिसत होतं. आप्पांनी विमान वळवलं, वेग उतरवला, समोर लांब, सरळ, चकाकणारी पट्टी आली. किती सुरेख आले, मला वाटलं. हवेत एक हिसका नाही, एक दुरुस्ती नाही. मग मला त्या पट्टीवर उसाने भरलेला ट्रॅक्टर दिसला.

धावपट्टीवर ट्रॅक्टर कसा? मी ताईंकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते, नजर समोर. डावीकडे, जरा अंतरावर, धुरात बुडालेली आणखी एक पट्टी होती. मळकी, भेगाळलेली, तिच्या टोकाला पत्र्याचं हँगर. आम्ही निघालो होतो ते कालव्याकाठच्या नव्या सिमेंटच्या रस्त्याकडे. आप्पा अत्यंत सुंदर, अत्यंत निर्दोष रीतीने चुकीच्या जागी उतरत होते.

ताई थांबल्या. जमीन अजून बरीच खाली होती, किती खाली हे त्यांनी नेमकं जोखलेलं असणार. बापाला आपणहून दिसावं म्हणून त्या थांबल्या होत्या. मला पाठमोऱ्या बसलेल्या त्या बाईच्या मानेवरची शीर दिसत होती. ट्रॅक्टरवरचे ऊस सुटे सुटे दिसू लागले. मग त्यांनी दोन्ही हात सुकाणूवर ठेवले.

"मना हातमा."

आप्पांची बोटं हलली नाहीत. त्यांनी समोर पाहिलं, मग डावीकडे, मग पुन्हा समोर. त्यांना दिसलं. मागून माणसाचा चेहरा दिसत नाही, पण खांदे दिसतात. ते खांदे मी पाहिले, आणि पाहायला नको होते असं मला वाटलं.

"हो, बेटा," आप्पा म्हणाले.

हो. ज्या शब्दासाठी त्यांची बरगडी मोडली होती, तो शब्द. हात मात्र सुकाणूवरच. आज आदर उलट्या दिशेने वाहत होता एवढंच. तो लेकीचा मान राखणारा, तिचं ऐकून घेतलेला, आणि काहीही न सोडणारा 'हो' होता. कुणीही मुलगी तो चालवून घेईल. कुणाला वाटलं नसतं, की असू दे, हात असू देत त्यांचे, मी चालवते, त्यांना वाटू दे? मी तेच केलं असतं. एवढी पत्रकं लिहिणारी मी, शप्पथ सांगते, तेच केलं असतं.

ताईंनी ते स्वीकारलं नाही. त्यांनी मान पूर्ण वळवली, बापाच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओठ मोठे करून, बहिऱ्याला दिसेल असं, पुन्हा म्हटलं.

"मना हातमा."

इंजिनाच्या आवाजात त्यांचा स्वर मला ऐकू आला की फक्त ओठ दिसले, आता सांगता येत नाही. आप्पा त्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांची दोन बोटं उठली. मग हात उठले. दोन्ही तळवे त्यांनी उघडे करून, मुलं हँगरमध्ये दाखवतात तसे, लेकीला दाखवले.

"तुना हातमा," आप्पा म्हणाले.

इंजिन गरजलं, ट्रॅक्टर खालून निघून गेला, त्यावर बसलेल्या माणसाने वर करून पाहिलेलं तोंड मला दिसलं, आणि आम्ही पुन्हा आकाशात चढलो.

मी हिशेब करू लागले माझ्या पत्रकांचा. सोडा, हटा, खुर्ची खाली करा, हात काढा: एवढ्या वर्षांत मी जे जे छापलं त्यात सोडायला सांगणारी क्रियापदं जागोजाग होती. 'आता हे माझ्या हातात आहे' असं डोळ्याला डोळा भिडवून सांगणारं एकही वाक्य मला आठवेना. आमच्या बैठकांत तर नुसता 'हो' असतो. कान तपासायचं शिबिर घ्यायचं का? हो. मालकाकडे कोण जाईल? हो, हो, जाऊ की. सगळे हो म्हणतात, सगळे एकमेकांवर विश्वास टाकून बसतात.

आप्पा खिडकीतून खाली बघत होते. चेहरा आता बाजूने दिसत होता. मला वाटलं ते खचले असतील, पण ते बघत होते, अगदी निरखून, ओठ जरा विलग. खाली एक गाव होतं, देवळाभोवती दाटलेलं.

"हाई कोनतं गाव वं?" त्यांनी विचारलं.

ताईंनी नाव सांगितलं. त्या गावावरून ते कितीदा गेले असतील त्याला गणती नाही. "मी तेले 'तारा शेतस, उतरता येवाव नही' इतलंच वळखे," आप्पा म्हणाले. मग मला समजलं. आयुष्यभर त्यांनी जमिनीकडे एकाच प्रश्नाने पाहिलं होतं: इंजिन बंद पडलं तर इथे उतरता येईल का? हे शेत चालेल, इथे विजेच्या तारा आहेत, इथे झाडं. गाव, विहीर, अंगण असं त्यांनी वरून कधी काही पाहिलंच नव्हतं. वैमानिकाला ते परवडत नाही.

तेवढ्यात, नुकत्याच पाणी दिलेल्या एका फडातून बगळे उठले. आधी चार-दोन, मग सगळं शेतच उठल्यासारखे, पांढरे, धुरातल्या उन्हाने कडा पेटलेले, एकदम वळून सगळेच्या सगळे लुप्त झाले आणि पुन्हा वळून लखलखले. आप्पा काचेला कपाळ लावून बघत होते. पाखरं म्हणजे पंख्यात अडकणारं संकट, हे त्यांनी शेकडो पोरांना घोकून घेतलं असेल.

"कितला देखणा शेतस ह्या!" ते म्हणाले. एकोणीस वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाले. "माय वं, देख तं खरी!"

ताईंनी बगळ्यांकडे पाहिलं. थव्याचा रोख, उंची, अंतर एका नजरेत घेतलं आणि विमान अलगद दुसऱ्या बाजूला वळवलं.

"हो, आप्पा," त्या म्हणाल्या.

मागे बसलेली मी एकदा बगळ्यांकडे बघत होते, एकदा ताईंच्या बोटांकडे. माझे स्वतःचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, आणि ते आता कुठे ठेवावेत, हे मला कळत नव्हतं.